देवकातेमामांची किरकोळ शंका

दोन गोष्टी सारख्या आहेत की नाहीत, हे यंत्राला कसं विचारायचं? या एका प्रश्नापायी मी नोकरीतले अडीच महिने, सात बैठका आणि एका चांगल्या माणसाचं नाव घालवलं. महिने गेल्याचं दुःख नाही, पगार चालू होता. बैठकांचंही नाही, भजी गरम असायची. नावाचं मात्र सांगायला हवं, म्हणून हा लेख.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत 'कॉम्प्युटरवर' होतो. त्या काळी आमच्याकडे हा शब्द 'ट्रॅक्टरवर' असल्यासारखा वापरायचे, म्हणजे मालक दुसरा आणि चालवणारा आपण. आमचं घर मंठ्याजवळच्या खेड्यात. आई आल्यागेल्याला सांगायची, "आमचा अंकुश टीव्हीपुढं बसून ऱ्हातो अन् त्याचाच पगार भेटतो." हे ऐकून एक पाहुणे दर दिवाळीला बंद पडलेला टीव्ही घेऊन यायचे. दोनदा मी तो दुरुस्तही केला. प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता तुम्हाला मात्र समजावून सांगतो. प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे अत्यंत आज्ञाधारक आणि अत्यंत बिनडोक गड्याला काम सांगणं. 'गुरं सोड' म्हटलं की हा सोडणार. कुठं सोडायची ते सांगायला विसरलात तर शेजाऱ्याच्या ज्वारीत सोडणार, आणि वर 'सोडली' म्हणून सांगायला येणार. त्याला राग नाही, लाज नाही आणि शंका तर मुळीच नाही. शंका येणारी माणसं आमच्या कंपनीत वेगळी होती, आणि त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं.

त्यातले पहिले देवकातेमामा. तपासणीच्या प्रयोगशाळेत बी उगवतं की नाही, हे बघायचं काम त्यांचं. प्रत्येक ढिगातून, ज्याला आम्ही लॉट म्हणतो, नमुना काढायचा, शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची. ठरल्या दिवशी ती उलगडून बघायचं, किती दाण्यांना धड कोंब आलेत. बाजरीला आमची हद्द शंभरात पंचाहत्तर. त्याखालचा लॉट नापास, तो पिशवीत भरायचा नाही. गोदामातलं सगळं बी मामांच्या बोटांखालून जायचं, आणि त्यांनी पास केलेलं बी उगवलं नाही अशी तक्रार घेऊन फाटकाशी कुणी आलेला मी तरी पाहिला नाही.

मामा जांब समर्थकडच्या एका खेड्यातले. वडील मेंढरं राखायचे, मामांनीही लहानपणी राखली. शाळा चौथीपर्यंत. प्रयोगशाळेच्या दारामागे त्यांनी एकाखाली एक असे तीन खिळे ठोकले होते. प्रत्येक लॉटची पुठ्ठ्याची चिठ्ठी असायची, तिच्यावर पेन्सिलीनं लॉटचा नंबर आणि कोंबांचा आकडा. पंचाहत्तरच्या वर गेला की चिठ्ठी वरच्या खिळ्याला, खाली राहिला की खालच्या, आणि नेमका पंचाहत्तर भरला की मधल्या. "आमच्या बापाचं असंच व्हतं," मामा सांगायचे. "कोकरू काठीजवळ उभं करायचं. काठीच्या वर, काठीबराबर, नाहीतर खाली. चौथं काही नसतंच." मालक यायचे, दार लोटून मागे बघायचे. वरचा खिळा गच्च दिसला की मालकांची स्वारी खूश.

त्या खिळ्यांच्या जागी यंत्र आणायचं काम माझ्याकडे आलं.

यंत्र आलं, आकडे भरले गेले. मग मालकांच्या लक्षात आलं, की काहीही विचारायचं तर आधी मला शोधावं लागतं, आणि मी नेमका जेवायला गेलेलो असतो. त्यांनी मला बोलावलं. "अंकुशराव, आपल्या माणसांनी इचारलं तर त्यानं सांगाया पाहिजे. दरवेळेस तुमाला कामून बोलवायचं? आपल्या लोकायला जमंल अशी भाषा करा."

भाषा करा! एखाद्याला विहीर खोद म्हणावं तसं ते म्हणाले. मी पंचविशीत होतो, लग्न ठरलेलं होतं आणि डोक्यात वारं शिरलेलं होतं. मी ताबडतोब हो म्हणालो. पडद्यावर अक्षरं इंग्रजीच उमटायची, पण शब्द मराठी ठेवायचे असं ठरलं. 'दाखव' म्हटलं की दाखवायचं, 'उगवण' म्हणजे कोंबांचा आकडा. पुण्याहून एक सल्लागार यायचे, त्यांनी तिचं 'बीजभाषा' असं नावही ठेवलं. मूल व्हायच्या आधी बारसं उरकल्यामुळे सगळे उत्साहात होते.

गाडी अडली ती खुणांवर. 'पेक्षा मोठं', 'पेक्षा लहान', 'बरोबर', 'निदान इतकं' हे लिहायचं कसं? मी शाळेतल्या गणिताच्या खुणा फळ्यावर काढल्या. उत्पादन विभागाचे जाधवसाहेब म्हणाले, "ह्यात मोठं कोणतं?" मी म्हणालो, "तोंड उघडं असतं ती बाजू मोठी." ते म्हणाले, "आमच्या घरात उलटं आहे." या विनोदावर पहिली बैठक संपली.

दुसऱ्या बैठकीत सल्लागारांनी सांगितलं, की परदेशात अशा वेळी दोन इंग्रजी अक्षरं आणि दोन बाजूंना दोन टिंबं देतात. जाधवसाहेबांनी विचारलं, टिंबं कशाला? सल्लागार म्हणाले, पद्धत आहे. आमच्याकडे 'पद्धत आहे' हे उत्तर लग्नात मामाच्या मानापानाला चालतं, यंत्राला चालेना. तिसरी आणि चौथी बैठक 'निदान पंचाहत्तर'च्या खुणेवर गेली. तिच्यात मोठ्याची खूण आधी आणि बरोबरची नंतर, की उलट? जाधवसाहेबांचं मत, बरोबर आधी, कारण मग ती बाणासारखी दिसते आणि बाण बघून माणसाला कळतं की पुढं जायचंय. कुठं जायचंय, हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती. ते मालकांचे वर्गमित्र होते.

पाचव्या बैठकीला मामांना बोलावलं, कारण शेवटी यंत्रापुढं बसणार तेच होते. ते भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्ची होती, पण तिच्यावर भज्यांचं ताट होतं. मी तोपर्यंत बरोबरच्या खुणेचा निकाल लावून टाकला होता. एकच खूण, दोन आडव्या रेघा. 'दाखव' म्हणून पुढे ती खूण आली तर तो प्रश्न: पंचाहत्तर उगवण असलेले लॉट दाखव. 'दाखव' नसेल तर तो हुकूम: उगवण पंचाहत्तर लिहून टाक. लॉटचा नंबर दिला तर त्या लॉटला, न दिला तर सगळ्या लॉटना. एका ओळीत सगळं गोदाम बदलता येतं, हे मी त्या दिवशी गुण म्हणून सांगितलं. जाधवसाहेबांनी टाळी वाजवली.

मामा म्हणाले, "साहेब, एक इचारू का? इचारायला बी हीच खूण अन् सांगायला बी हीच? मंग मी इचारून राह्यलो का सांगून राह्यलो, हे त्याला कसं कळावं?"

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. म्हणालो, "मामा, यंत्र हुशार असतं. त्याला बरोबर कळतं." मामा म्हणाले, "त्याला कळंल हो. मला कळंल का?" मग सगळेच हसले.

बैठकीचं इतिवृत्त मीच लिहायचो. त्यात मी सल्लागारांची टिंबं लिहिली, जाधवसाहेबांचा बाण लिहिला. मामांच्या प्रश्नाशी आलो तेव्हा पान संपत आलं होतं. मी लिहिलं, 'किरकोळ शंकांचे निरसन करण्यात आले.' खाली मालकांची सही झाली.

मामा महिन्याभरात यंत्र शिकले. एका बोटानं, पण न चुकता. सवय म्हणून चिठ्ठ्या खिळ्याला अडकवणंही चालू होतं. जाधवसाहेब चेष्टा करायचे, "मामा, मशीन असताना खिळे कशाला?" मामा म्हणायचे, "असू द्या. खिळ्याला लाइट लागत न्हाई."

मृगाला पंधरा दिवस राहिले. गोदामातून माल निघायची घाई सुरू झाली. एका सकाळी मालकांनी आतल्या फोनवरून मामांना विचारलं, "पंचाहत्तरच्या वर किती लॉट हायेत?" मामांनी 'दाखव'पासून पूर्ण ओळ लिहिली, यादी आली, त्यांनी वाचून दाखवली. मालक म्हणाले, "अन् बराबर पंचाहत्तर?"

आता बघा, आपण माणसं कशी बोलतो. एकदा विचारायला लागलो की दुसऱ्या प्रश्नाला क्रियापद लावत नाही. 'बाजरी कशी दिली? अन् मूग?' दुकानदाराला ते कळतं. मालकांनीही 'दाखव' म्हटलं नव्हतं. मामांनी मालकांचं बोलणं होतं तसं लिहिलं: उगवण, दोन आडव्या रेघा, पंचाहत्तर. यंत्रानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि नम्रपणे उत्तर दिलं, 'झाले.' हे नम्र उत्तर मीच शिकवलं होतं.

मामा माझ्या खोलीच्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "साहेब, समदेच काठावर आले."

"कोण काठावर आले?"

"लॉट. गोदामातले समदे. मेलेलं बी बी पंचाहत्तर दावून राह्यलंय."

मी धावलो. चारशेच्या आसपास लॉट होते आणि प्रत्येकापुढे पंचाहत्तर. नव्वद उगवणारं बी आणि तीस उगवणारं बी एका रांगेत उभं होतं. इतकी समता आमच्या जिल्ह्यात मी त्याआधी पाहिली नव्हती. पण हसण्याजोगं काही नव्हतं. बाहेर ट्रक लागले होते. खराब लॉट पास म्हणून निघाला असता तर महिन्याभरानं कुणाच्या तरी रानात ओळीच्या ओळी रिकाम्या दिसल्या असत्या, आणि तेव्हा पेरायची वेळ निघून गेलेली असती.

राखीव प्रत? ती मी दर शनिवारी फ्लॉपीवर घ्यायचो. त्या आठवड्यात शनिवारी चतुर्थी होती आणि मी होणाऱ्या बायकोला व तिच्या भावाला घेऊन राजूरच्या गणपतीला गेलो होतो. विघ्नहर्त्याला नारळ फोडून आलो, फ्लॉपी राहिली. हंगामातल्या बहुतेक तपासण्या आधीच्या फ्लॉपीनंतरच्याच होत्या.

मी डोकं धरून बसलो. मामांनी दार लोटलं आणि मागचे तीनही खिळे माझ्यापुढं उघडे केले. "साहेब, लिवता का? मी वाचतो."

दीड दिवस ते वाचत होते आणि मी आकडे भरत होतो. वरचा खिळा, मधला खिळा, खालचा खिळा. ट्रक तोवर थांबवून ठेवले. एक चिठ्ठी कमी भरली नाही, एक जास्त झाली नाही. एकही खराब दाणा कंपनीच्या बाहेर गेला नाही, आणि तो ज्या माणसामुळे गेला नाही त्याची चौकशी पुढच्या सोमवारी लागली.

चौकशी लागणारच होती, कारण ट्रक दीड दिवस थांबले होते आणि थांबलेल्या ट्रकला कुणीतरी जबाबदार लागतो. सल्लागार खास पुण्याहून आले. त्यांनी विचारलं, "ती ओळ कोणी लिहिली?" मामा म्हणाले, "मी." सल्लागारांनी वहीत 'मानवी चूक' असं लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक कळलं आहे, की मानवी चूक म्हणजे खोलीत ज्याचा पगार सगळ्यात कमी असेल त्याची चूक.

मामा मालकांकडे बघून म्हणाले, "मालक, मी पयलेच इचारलं व्हतं. दोन्हीला एकच खूण कशी, म्हनून. ह्या साहेबायला इचारा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "इचारलं होतं का, अंकुशराव?"

एका शब्दाचं उत्तर होतं. ते दिलं असतं तर चूक भाषेची ठरली असती आणि भाषा माझी होती. मला नोकरीची भीती वाटली. लग्नाच्या पत्रिकांवर माझ्या नावापुढं कंपनीचं नाव छापून झालं होतं. मी फाइल उघडली, पाचवी बैठक काढली आणि म्हणालो, "इतिवृत्तात तसं काही नाही."

 मामांना त्या आठवड्यात प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं, आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. नोकरी गेली नाही, हे मालकांचे उपकार म्हणून सगळ्यांनी त्यांना सांगितलं. मीही सांगितलं.

पुढं मी काय केलं ते ऐका. मी भाषा दुरुस्त केली. सांगायला 'ठेव' हा वेगळा शब्द आणला, आणि लॉटचा नंबर न देता 'ठेव' म्हटलं तर यंत्र अडून बसायचं, 'कोणता लॉट?' विचारायचं. आणि तुलनेच्या सगळ्या खुणा काढून टाकून तीन शब्द घेतले: वर, बराबर, खाली. 'निदान पंचाहत्तर' म्हणजे 'पंचाहत्तर बराबर वर'. तोंड कुणाचं कुणाकडे, बाण कुठला, सगळं मिटलं. नवीन माणूस एका दुपारी शिकायचा. औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यांचे लोक बघायला आले. सल्लागारांनी पुण्यात त्यावर भाषण दिलं. माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, तेव्हा मी म्हणालो, की ही कल्पना मला सहज सुचली.

फाटकातून मी रोज दोनदा स्कूटरवर जायचो. मामा प्रत्येक वेळी उठून नमस्कार करायचे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. चार वर्षांनी ते निवृत्त झाले. त्याच वर्षी प्रयोगशाळेला रंग दिला आणि रंगाऱ्यानं ते खिळे उपटून टाकले. भिंत गुळगुळीत झाली म्हणून जाधवसाहेब खूश होते.

नव्या शतकात मोठ्या शहरातून तयार प्रोग्रॅम आला आणि माझी बीजभाषा एका दुपारीत पुसली गेली. त्यानंतर काही वर्षांनी मीही घरी बसलो. निघताना कपाट रिकामं करताना ती फाइल हाती लागली. पाचवी बैठक. माझंच वळणदार अक्षर. मी ते पान घडी करून खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी मामांच्या गावाला गेलो.

मामा मोसंबीच्या बागेजवळ बाजेवर बसले होते. थकले होते, पण मी हाक मारताच त्यांनी आवाजावरून मला ओळखलं. "साहेब? इकडं कुठं?" मामींनी पाणी आणलं. मी बसलो आणि घोकून गेलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "मामा, तुम्ही विचारलं होतं."

"मला ठावं हाय की," मामा म्हणाले. "तुमाला ठावं न्हवतं का?"

मी म्हणालो, होतं.  मामांनी पुढं विचारलं, "आता कसं करत्यात? इचारायला येगळं अन् सांगायला येगळं?"

"तुमचे तीन खिळे घेतले होते मामा. वर, बराबर, खाली. आता ते पण गेलं. आता जगभर सांगायला आडव्या रेघांची एक जोडी आणि विचारायला दोन जोड्या. मोठमोठ्या कंपन्यांतली शिकलेली पोरं अजून दोनाच्या जागी एक टाकतात."

मामांनी ते नीट ऐकून घेतलं. "मंग त्यायला बी गेटवर बसवत्यात का?"

 उत्तर मामींनी दिलं, मला नाही, चुलीकडे बघत. "ह्यायला बसवलं तवा गावात लोकं म्हनली, बी चोरलं असंल. उगीच कोन हालवतं का? पोरीच्या सोयरिकीत बी इचारलं एकानं. ह्यानी काय सांगावं? बराबरची खूण केली म्हनून?"

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मामांची खुर्ची गेली, आणि गेलं होतं नाव. मी मामांचे पाय धरायला वाकलो, त्यांनी पाय मागे घेतले. "पाया पडून काय व्हतंय? तुमी त्या दिशी बोलून न्हाई, लिवून मारलं. लिवलेलं ऱ्हातं. मंग आता बी लिवाच. छापून येऊ द्या. मपलं नाव घालून लिवा, गावाचं बी घाला. अंक आला की एक मला धाडा, पारावर वाचून घेतो."

गावाचं नाव मी अंकाच्या संपादकांना कळवलं आहे, लेखाखाली ते छापतील. एक प्रत तिकडे जाईल. त्यांनी लेखाबरोबर माझा फोटो मागितला होता, तो मी दिला नाही. खिशातलं पान मात्र टेबलावर आहे. पाचव्या बैठकीतलं ते एक वाक्य मी आज खोडलं, आणि समासात जागा होती तिथं लिहिलं:

'श्री. देवकाते यांनी विचारले, की विचारायला आणि सांगायला एकच खूण ठेवली तर चूक होणार नाही का. शंका किरकोळ नव्हती. निरसन करण्यात आले नाही. शंका विचारणाऱ्याने बी चोरले नव्हते. इतिवृत्त लिहिणाऱ्याने वाक्य चोरले होते.'

खाली मालकांच्या सहीची जागा आहे. मालक आता नाहीत. म्हणून सही मी केली.